सातवं प्रकरण वेणूचं

आमच्या वाचनमंडळात पुस्तक वाचत नाहीत, सांगतात. हे ऐकून लोक हसतात, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. मी मनस्वी, नववी ब, रोज कोन गावाहून पनवेलला शाळेत येते. राग माझ्या नाकावर असतो असं आई म्हणते आणि ते खरं आहे. पण या गोष्टीत मला आलेला प्रत्येक राग रास्त होता, हे ऐकणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटली की आम्ही बारा-तेरा मुली जिन्याखालच्या वाचनालयात जमतो. वाचनालय म्हणजे दोन कपाटं, आणि शिवणाच्या तासाच्या मशिनी ठेवायला दुसरी जागा नाही म्हणून त्याही तिथेच. मंडळ चालवतात आमच्या मराठीच्या सुमतीबाई. आधी जी ती आपापलं पुस्तक आणायची आणि दुसरीचं कोणी ऐकायचं नाही. मग बाईंनी ही नवी तऱ्हा काढली. सगळ्यांत मिळून एकच पुस्तक, त्याची एकच प्रत. एका मुलीला एक प्रकरण. तिने ते आठवडाभर घरी न्यायचं, वाचायचं आणि शनिवारी पुस्तक हातात न घेता आपल्या शब्दांत सांगायचं. मग बाकीच्यांनी वाटेल ते विचारायचं. दुसरीचं प्रकरण उघडून बघायचं नाही, त्यासाठी बाई तुमच्या प्रकरणाच्या अलीकडच्या पानांना एक आणि पलीकडच्या पानांना एक असे दोन रबरबँड लावून देतात. शेवटचं प्रकरण बाईंचं. त्यांनीही पुस्तक वाचलेलं नव्हतं, कारण पुढे काय होतं ते आमच्याबरोबरच कळावं अशी त्यांची हौस.

पुस्तक कोणीतरी शाळेला दिलेल्या गठ्ठ्यातलं. वरचा पुठ्ठा गेलेला, नावाचं पान गेलेलं, लिहिणारा कोण तेही गेलेलं. आम्ही त्याला रत्नाचं पुस्तक म्हणायचो. रत्ना ही खाडीकाठच्या गावातली मुलगी. तिला नर्सिंग शिकायचं असतं. तिच्या भावाने, अण्णाने, तिला न विचारता ठरवलेलं असतं की तिने घर आणि वाडी सांभाळायची. पाचवं प्रकरण किशोरीने सांगितलं. किशोरी आमची पहिल्या नंबरची, उरणच्या कोळ्यांची पोर, पनवेलला मावशीकडे राहते. त्यात रत्नाला एक कुत्रा सापडतो. त्या कुत्र्यावर आमचा सगळ्यांचा जीव जडला. सहावं परवीनने सांगितलं. त्याच्या शेवटी भल्या पहाटे रत्ना धक्क्यावर उभी, हातात दोरीने बांधलेली ट्रंक, पायाशी कुत्रा, समोर लाँच लागलेली, आणि तिचा एक पाय फळीवर. बस, तिथे प्रकरण संपलं. रत्ना चढते की नाही यावरून आठवडाभर वर्गात भांडणं झाली.

सातवं प्रकरण वेणूचं होतं. वेणू नेरे गावची, आमच्यासारखीच आगऱ्यांची. शेवटच्या बाकावर बसायची आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात. ती उभी राहिली तेव्हा मी किशोरीला कोपर मारून म्हटलं, आता झोपा. पण वेणूने तोंड उघडलं आणि आम्ही गप्पच झालो. रत्ना चढली. लाँच सुटली, पाण्यात आली तशी डोलायला लागली. लाँचवर एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन बसली होती. पाटी कलंडली, कोंबड्या सुटल्या, एक तर सुकाणूवरच जाऊन बसली. रत्नाने आणि कुत्र्याने मिळून सगळ्या धरल्या. ती कोंबडीवाली बाई तिला मुंबईला आपल्या खोलीवर घेऊन गेली, तिच्या ओळखीने हॉस्पिटलात काम लागलं, आणि पहिल्या रात्रपाळीला रत्ना एका म्हाताऱ्याचा हात धरून पहाटेपर्यंत बसली. शाळेच्या शिपाई गोदूबाई कुलूप लावायला आल्या त्या हातात कुलूप घेऊन दारातच ऐकत उभ्या राहिल्या. किशोरीने खोदून खोदून विचारलं, अगदी कोंबडीवालीच्या लुगड्याचा रंगसुद्धा. वेणू प्रत्येक उत्तराला म्हणायची, पुस्तकात हाय.

त्यानंतरचं आठवं माझं. आता वेणूच्या पाठीवर माझं कोण ऐकणार, म्हणून मी आधीच धुसफुसत पुस्तक घरी नेलं.

जेवणं झाल्यावर पुस्तक उघडलं. पहिलं वाक्य होतं, रत्ना लसूण सोलत होती. कुठे? तर गावातल्या घरी, आपल्याच स्वयंपाकघरात. अण्णा बाहेर झोपाळ्यावर. ट्रंक खाटेखाली, दोरीसकट. पुढे एक वाक्य होतं की त्या सकाळनंतर अण्णा तिच्याशी एक शब्दही बोलला नव्हता. मी प्रकरण पुन्हा पुन्हा वाचलं. मुंबई नाही, हॉस्पिटल नाही, कोंबडीवाली नाही. कुत्र्याचं तर नखसुद्धा नाही. म्हणजे रत्ना लाँचवर चढलीच नव्हती, की चढून उतरली होती, की कोणी तिला ओढून आणली होती? धक्क्यावर त्या सकाळी झालं तरी काय?

आणि ते सगळं माझ्या बोटाखाली होतं, अलीकडच्या रबरबँडच्या आत. मी तो रबरबँड ओढला. तो सटकून माझ्याच बोटावर बसला. मी पुस्तक बाजूला ठेवलं, पण डोक्यात तिडीक गेली होती. वेणूने चक्क थापा मारल्या होत्या, आणि तिच्या थापांमुळे माझ्या प्रकरणाचं वाटोळं होणार होतं. मी खरं सांगितलं असतं तर सगळ्या म्हणाल्या असत्या की मनस्वीने वाचलंच नाही.

रविवारी आईला सांगितलं की मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते, आणि शेअर रिक्षाने नेऱ्याला गेले. वेणूच्या बापाचं, काशीराम पाटलांचं, तिथे फार्महाऊस आहे. शनिवार-रविवारी मुंबईचे लोक येतात, पोहतात, जेवतात, जातात. घर त्याला लागूनच. वेणूचे आजोबा, विठूआजोबा, ओट्यावर खुर्चीत बसले होते. त्यांना डोळ्यांनी अंधुक दिसतं. वेणू त्यांच्यासमोर पेपर धरून मोठ्याने वाचत होती. मी पाठीमागून आले म्हणून तिला दिसले नाही.

ती वाचत होती की नदीत मोठी मगर निघाली आहे. मगरीने कोणाच्या तरी वाड्यातल्या कोंबड्या खाल्ल्या आणि पुलाखाली आडवी झाली. वनखात्याचे लोक आले, त्यांना तिने भीक घातली नाही. मग तलाठी आला. आजोबांनी विचारलं, तलाठी कशाला? वेणू अडखळलीसुद्धा नाही. म्हणाली, नदीची हद्द मोजायला, मगर नेऱ्याची का पलीकडच्या गावाची ते ठरवायचं हाय ना.

आमच्या कोनला असली बातमी आली नसती असं कसं होईल? मी मान लांब करून पेपरात बघितलं. त्या पानावर फ्लॅटच्या जाहिराती होत्या, कोणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या आणि खाली पाणीकपातीची बातमी होती. मगर कुठेच नव्हती. मी येताना काय काय बोलायचं ते घोकून आले होते, ते सगळं तोंडातच राहिलं.

वेणूने मला पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. ती मला फार्महाऊसच्या मागे घेऊन गेली, तिथे पोहण्याचा हौद धुवायला म्हणून रिकामा केला होता. आम्ही त्याच्या काठावर पाय सोडून बसलो. मी विचारण्याआधीच ती बोलली.

"एकेक अक्षर ओळखते मी. पण जोडून बघितली की सगळी हलायला लागतात. शब्दच लागत नाय."

मग परीक्षेला काय करतेस, मी विचारलं. तिने सांगितलं की बाई वर्गात वाचतात ते तिला एकदा ऐकून पाठ होतं. कुठला प्रश्न आहे ते शेजारची लिहिताना काय पुटपुटते, ओठ कसे हलवते यावरून ताडायचं, आणि आठवेल तशी अक्षरं काढायची. आतापर्यंत ती अशी ढकलत ढकलत नववीपर्यंत आली होती. मग मंडळात कशाला नाव दिलंस, असं मी जरा जोरातच म्हटलं. ती म्हणाली की तिला वाटलं होतं, नुसतं ऐकायचं असतं. गोष्ट म्हटली की तिचा पाय निघत नाही.

आठवडाभर तिने पुस्तक रोज उघडलं होतं. पहिला शब्द लागला, लाँच. पुढे सगळी भाऊगर्दी. म्हणून मग तिने आपली लाँच आपणच सोडली.

"बापाला सांगू नको, मनस्वी. ताईला पण दहावीच्या आधीच काढली. ती आता पाव्हण्यांच्या भाकऱ्या थापते. कळलं ना, की मी पण तिच्या बाजूला."

ताई समोरच चुलीच्या खोपटात दिसत होती. दोन परातींमध्ये बसून थापत होती. मला वेणूचा राग राहिला नाही, पण कोणाचा तरी यायलाच हवा होता, म्हणून मी हौदात एक खडा मारला.

पुस्तक माझ्या दप्तरातच होतं. वेणू म्हणाली, तू वाच ना सातवं, मला सांग, मलाही कळू दे. माझा हात तिथवर गेला, खोटं कशाला बोलू. पण बाईंना शब्द दिला होता. शिवाय मी मला ओळखते. एकदा वाचलं असतं तर शनिवारपर्यंत माझ्या पोटात राहिलं नसतं. मी म्हटलं, तुझं प्रकरण मी नाही वाचणार, पण माझं आठवं तुझ्या सातव्याला शिवून देईन. रत्ना मुंबईहून परत आली म्हणून सांगेन, कोणाला काही कळायचं नाही.

कळायचं नाही! मला थापा मारता येत नाहीत हे मी विसरलेच होते.

शनिवारी मी उभी राहिले आणि सुरुवात बरी केली. रत्ना मुंबईहून परत आली आणि लसूण सोलायला बसली. किशोरीचा हात लगेच वर. का परत आली? मी म्हटलं, आठवण आली. हॉस्पिटलने रजा दिली? दिली. मग ट्रंकेला दोरी तशीच कशी? मुंबईत राहिली तर ट्रंक सोडली असेलच ना? मी म्हटलं, परत बांधली. अण्णाने मुंबईचं काहीच विचारलं नाही? नाही, तो बोलत नाही. मला घाम फुटला होता. तेवढ्यात परवीनने विचारलं, कुत्रा कुठे आहे?

"मेला," मी म्हटलं.

एकच हलकल्लोळ झाला. मागच्या बाकावरच्या दोघींना रडू फुटलं. कसा मेला? मी घाईने म्हटलं, गाडीखाली. किशोरी शांतपणे म्हणाली की त्या गावात रस्ताच नाही, माणसं लाँचने जातात, गाडी कुठून आली? माझं डोकं फिरलं. मी ओरडले की पुस्तकात आहे तसं सांगतेय. किशोरी म्हणाली, मग बाईंनी आठवं बघावं. नियमाप्रमाणे सांगून झालेलं प्रकरण बाई बघू शकतात. बाईंनी पुस्तकासाठी हात पुढे केला आणि मी ते छातीशी धरून उभी राहिले. देता येईना आणि नाही म्हणता येईना.

मागून बाक सरकल्याचा आवाज आला. वेणू उभी होती.

"तिला नका विचारू बाई. सातवं मी वाचलंच नाय. मला वाचता येत नाय."

मला वाटलं आता हसतील. हसणारीच्या झिंज्या उपटायची माझी तयारी होती. पण कोणी हसलं नाही. बाईंनी विचारलं, येत नाही म्हणजे काय? वेणूने मला हौदाच्या काठावर सांगितलं होतं ते सगळं पुन्हा सांगितलं, खाली बघून, पण एकही गोष्ट न गाळता. बाई शिवणमशिनीच्या स्टुलावर बसल्या.

"दोन वर्षं मी तुला शिकवतेय, वेणू."

"तुमी इतकं चांगलं वाचता ना बाई, ते सगळं पाठ होतं. मग पुस्तकात बघायला लागत नाय."

ती हे बाईंचं कौतुक म्हणून बोलली होती. बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मला त्यांच्याकडे बघवेना.

बोलली ती किशोरी. कोंबडीवाली पुस्तकात नाहीच का, तिने विचारलं. वेणू म्हणाली, नाही. आणि सुकाणूवरची कोंबडी? तीही नाही. किशोरीचे कान लाल झाले आणि ती म्हणाली की कुत्राही नाही. कुत्रा तिने घातला होता. पाचव्या प्रकरणात नुसतं वाडीच्या वाटण्यांचं बोलणं होतं, कोणी ऐकलं नसतं म्हणून. आम्ही सगळ्या परवीनकडे वळलो, कारण तिच्या सहाव्यात कुत्रा धक्क्यावर होता. परवीन म्हणाली की तिच्या प्रकरणात कुत्रा नव्हताच, तिला वाटलं लिहिणारा विसरला, म्हणून तिने आपला ठेवला. आधी गोदूबाई हसल्या, त्या दारातच होत्या. मग सगळ्याच हसलो, वेणूसुद्धा, नाक पुसत पुसत.

हसणं थांबल्यावर कोणीतरी विचारलं, मग सातव्यात खरं झालं काय?

सगळ्यांच्या नजरा माझ्या हातातल्या पुस्तकाकडे. बाईंचीही. त्यांनी ते माझ्याकडून घेतलं, रबरबँडवर अंगठा ठेवला. किशोरी म्हणाली, बाई मी वाचते, आत्ता इथेच, दहा मिनिटांत होईल. आम्ही सगळ्या पुढे सरकलो. बाईंनी किशोरीकडे पाहिलं, वेणूकडे पाहिलं आणि पुस्तक नेऊन वेणूच्या बाकावर ठेवलं.

"सातवं वेणूचं आहे."

आम्ही ओरडलो. तिला वाचता येत नाही म्हणतेय ना ती! बाई म्हणाल्या, येईल, वेळ लागेल, आपण थांबू. तोवर नववं नाही आणि दहावं नाही. सगळ्यांत जास्त मी ओरडले, कारण घरी बसून लसूण सोलणारी रत्ना फक्त मी पाहिली होती आणि ती तिथे कशी आली हे मला कळल्याशिवाय चैन पडणार नव्हतं.

बाई दोन दिवसांनी नेऱ्याला गेल्या, घर दाखवायला मला घेऊन. काशीराम पाटील माणूस वाईट नाही. त्यांनी चहा दिला, फार्महाऊस दाखवलं. पण वेणूचं ऐकल्यावर म्हणाले की डोकंच नसेल तर उगाच कशाला तिला आणि तुम्हाला त्रास, घरी कामं काय कमी आहेत? बाईंचा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही. डोकं आहे म्हणूनच इतकी वर्षं कोणाला कळलं नाही, आणि चूक असेल तर ती माझी, असं त्या म्हणाल्या. अशी मुलं असतात, त्यांना वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागतं, मी शाळेआधी रोज शिकवीन. पाटील बराच वेळ मोबाईल बोटांत फिरवत बसले. मग म्हणाले, सहामाहीपर्यंत बघू, नाही जमलं तर पुढे नाही.

वेणू दाराआड होती. तिने ऐकलं. ताईनेही ऐकलं असणार, कारण भाकऱ्यांचा आवाज थांबला होता.

निघताना विठूआजोबांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "पोरी, ती मगर खरी व्हती का गं?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "वाटलाच मला. पन चांगली व्हती."

मग आमचं सुरू झालं. सकाळी बाई तिला वाळूत बोटाने अक्षरं काढायला लावायच्या, शब्द तोडून तोडून टाळ्यांवर म्हणायला लावायच्या. मधल्या सुट्टीत मी आणि किशोरी. शाळा सुटली की एसटी स्टँडपर्यंतच्या सगळ्या पाट्या वाचायच्या, हे माझं डोकं. बिल्डर लोकांनी पनवेलभर इतकी होर्डिंगं लावली आहेत की पुस्तकाची गरजच नाही. प्रशस्त, त्वरित ताबा, स्वप्नातलं घर. प्रशस्तपाशी वेणू आठवडाभर अडकली होती. आमच्या मागच्या माणसांना वाटायचं या मुली फ्लॅट घ्यायला निघाल्यात.

सातवं प्रकरण मात्र तिने घरी एकटीने वाचायचं होतं. कोणाला पान दाखवायचं नाही. एखादा शब्द अगदीच लागेना तर तो एकटाच फळ्याच्या कोपऱ्यात बघून बघून काढायचा आणि आम्ही तो वाचून द्यायचा. आणि इथे सगळ्या शाळेला वेड लागलं. पहिल्यांदा तिने काढलं, कर्णकर्कश. तो लाँचचा भोंगा, हे सगळ्यांना पटलं. मग आलं, उंबरठ्यावर. झालं! चढली नाही म्हणणाऱ्या मुलींनी नाचायचंच बाकी ठेवलं, उंबरठा म्हणजे घर, रत्ना परत गेली. चढली म्हणणाऱ्यांचं म्हणणं पडलं की मुंबईच्या खोलीला काय उंबरठा नसतो? मग आलं, स्ट्रेचर. त्या दिवशी कोणी डबासुद्धा धड खाल्ला नाही. कोण बुडालं? अण्णा का? पण अण्णा आठव्यात झोपाळ्यावर आहे, हे मी शपथेवर सांगत होते. दहावीच्या मुली आमच्या वर्गात डोकावायला लागल्या. एकदा मुख्याध्यापिकाबाई फेरीवर आल्या आणि फळा बघून त्यांनी विचारलं, आज पश्चात्ताप कोणाला झाला? कोणालाच सांगता येईना.

सगळं असंच मजेत चाललं म्हणेन तर खोटं होईल. वेणू रडायची. पुस्तक फेकायची. गणपतीनंतर तिने शाळेत येणंच सोडलं, तापाचं निमित्त करून. मी नेऱ्याला गेले तर ती ताईशेजारी परातीत पीठ मळत बसलेली. ती म्हणाली की एका ओळीला सकाळची संध्याकाळ होते, बाप म्हणतो तेच खरं. ताईने वेणूच्या पुढ्यातली परात आपल्याकडे ओढून घेतली आणि पोरीला ऊठ म्हणून मानेने खुणावलं.

वेणू उठली. बाहेर आल्यावर मी तिला खूप बोलले. म्हटलं, तुझी दया म्हणून नाही आले मी, मला सातव्यात काय झालं ते कळायला पाहिजे, आणि ते तुझ्याशिवाय मला कोणी सांगू शकत नाही. हे खरंही होतं आणि खोटंही होतं, कारण तोपर्यंत शाळेत ती नसली की मला करमायचं बंद झालं होतं. पण तेवढं तिला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती फळ्यापाशी उभी होती, हातात खडू.

सहामाही झाली. मराठीच्या पेपरात वेणूने शेजारणीकडे बघितलं नाही, मी मागून लक्ष ठेवून होते. तिचा अर्धा पेपर कोरा राहिला. जो लिहिला तो मात्र प्रश्न वाचून लिहिला होता. पास झाली, अगदी काठावर. काशीराम पाटलांनी गुणपत्रक पुन्हा पुन्हा उलटसुलट करून बघितलं म्हणे. आणि दिवाळीत तिला नवीन दप्तर आणून दिलं. विठूआजोबांची तेवढी कुरकुर चालू झाली. वेणू आता पेपरात असेल तेच वाचते आणि तेही रखडत. आजोबा म्हणतात की पेपरात आता काही राम राहिला नाही, नुसती पाणीकपात.

सुट्टी संपून शाळा उघडली त्या आठवड्यातला शुक्रवार. मी रिक्षातून उतरले तर वेणू फाटकाशी माझीच वाट बघत होती. पुस्तक हातात, दोन्ही रबरबँड जागच्या जागी. तिच्याकडे बघूनच मला कळलं.

"संपलं?"

तिने मान हलवली. डोळे सुजलेले होते, रडली होती नक्की. पण दमून रडतो तसं ते रडणं नव्हतं, कोणाचं तरी काहीतरी झालं होतं त्या पानांत. मी तिचा हात धरला आणि विचारलं, चढली का? स्ट्रेचर कोणाचं? अण्णाने ओढून आणली का तिला? वेणूने बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं.

"शनवारी सांगेन."

मी तिला आधी गोडीत विचारलं. मग ओरडले. पाट्या कोणी वाचून घेतल्या, पीठ मळत होतीस तेव्हा नेऱ्याला कोण आलं, सगळं काढलं. शेवटी अगदी हात जोडून म्हटलं, बाकी नको सांगू, चढली की नाही एवढंच सांग.

"नाय. माझं परकरण हाय," वेणू म्हणाली आणि दप्तर पाठीला लावून चालायला लागली.

मला असा संताप आला की तिला तिथेच धरून बदडावं, आणि त्याच वेळी रडूही यायला लागलं, रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत. तिला काहीतरी वाचून कळलं होतं आणि ते मला माहीत नव्हतं. मी डोळे पुसले आणि तिच्या मागे धावले.